शब्दचर्चा : आतड्याचा ईसीजी?

रावपुरा : आरोग्यपुस्तिकेचं मराठी करतोय. पोटाच्या कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून आतड्यातले विजेचे संकेत टिपतात, त्या तपासणीला काय म्हणावं? ‘इलेक्ट्रोएंटेरोग्राफी’ छापलं तर वडोदऱ्यातले आमचे ज्येष्ठ वाचक पान उलटतील. ‘आतड्याचा ईसीजी’ चालेल?

दांडिया बाजार : दादा, ते नको. ईसीजीतला ‘सी’ हृदयाचाच, मग आतडं आणि हृदय एकाच शब्दात कोंबल्यासारखं होतं. पद्धतीला ‘आंत्रविद्युत्‌आलेखन’ म्हणा आणि हाती येणाऱ्या रेघेला ‘आंत्रविद्युत्‌आलेख’. आलेखन म्हणजे क्रिया, आलेख म्हणजे तिचं फळ. हा फरक मराठीत आयता आहे, तो सोडू नये.

जठराचा आलेख मात्र वेगळा ठेवा. अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी १९२१ साली पोटावरून टिपला तो जठराचा होता, मिनिटाला साधारण ३ लहरींचा. लहान आतड्याच्या सुरुवातीला हीच गती १२च्या आसपास असते आणि शेवटाकडे ८-९पर्यंत उतरते. या आकड्यांवरूनच संकेत कुठला ते ओळखायचं असतं, म्हणून दोन्हींना ‘पोटाचा आलेख’ म्हटलं तर सगळं मुसळ केरात. आणखी एक, खास आपल्या गावासाठी : गुजरातीत जठराला ‘होजरी’ म्हणतात, मराठीत होजरी म्हणजे बनियन-मोजे. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या वाचकासाठी ‘जठर’च बरं, ते दोन्हीकडे कळतं.

रावपुरा : पटलं, ताई. आणि ‘नॉन-इन्व्हेझिव्ह’? एका कोशात ‘अनाक्रमक’ दिसलं.

दांडिया बाजार : अनाक्रमक माणूस असतो, तपासणी नव्हे. ‘विनाछेद’ही अपुरा, कारण तोंडातून नळी घातली तरी छेद होत नाही. सरळ ‘शरीरात काहीही न घालता’ लिहा. चार शब्द लागले तर लागू देत, रुग्णाची भीती त्यांनीच जाते.

मकरपुरा : मी वैद्यकीय उपकरणांच्या कामात आहे, म्हणून एक भर. ‘आतड्याच्या हालचालीची नोंद’ असं कृपया लिहू नका. आतड्याच्या भिंतीत स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात, त्या संथ लहरी सतत उठवत राहतात. पण प्रत्येक लहरीला आतडं आकसत नाही. लहरीवर जलद टोकदार संकेत चढले तरच स्नायू आकसतो. हे टोकदार संकेत चरबी-कातडीतून बाहेर येईपर्यंत फार क्षीण होतात. त्यामुळे वरून मुख्यतः लय कळते, आकसणं त्या मानाने कमी. त्या लहरींना ‘संथ लहर’ म्हणावं. ‘मंद’ म्हटलं की जोर कमी असा अर्थ निघतो, इथे मुद्दा गतीचा आहे.

रावपुरा : मग हव्या त्या संकेतात मिसळणारे नको ते संकेत, म्हणजे ‘नॉइज’, त्याला ‘गोंगाट’? वाचणाऱ्याला पोटातली गुरगुर वाटेल.

मकरपुरा : वाटेलच. गुरगुर हा आवाज, तो स्टेथोस्कोपने ऐकतात. इथे ‘व्यत्यय’ लिहा आणि उदाहरण श्वासाचं द्या. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो, म्हणजे नेमका लहान आतड्याच्या लयीशेजारी. हृदयाचा संकेत तर कितीतरी जोरकस. या दोघांतून आतडं वेगळं काढणं हेच या तपासणीचं सगळ्यात अवघड काम आहे, तेव्हा त्याला पुस्तिकेत निदान एक पूर्ण परिच्छेद द्या.