मदत हवी आहे: ऑफिसात आपण सगळ्यांत कमी, असं सतत वाटत राहतं

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिक्स्चर (मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, जागेवर धरून ठेवणारं साधन) डिझाइनला आहे. दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा केला. पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता आलं असतं, पण घरी पगाराची गरज होती, म्हणून कामाला लागलो. त्याला आता एक तप उलटून गेलं. शॉप फ्लोअरवर काही अडलं की फोन मलाच येतो. अडचण सुरू होते ती कॉन्फरन्स रूममध्ये शिरल्यावर.

टीममध्ये बाकी सगळे बीई, दोघे एमटेक. कोणी टोमणे मारत नाही. (मारले असते तर एक वेळ भांडता तरी आलं असतं.)

मागच्या महिन्यात एका हाउसिंगच्या (यंत्राच्या बाहेरच्या कवचाच्या) फिक्स्चरचा रिव्ह्यू होता. ड्रॉइंगमध्ये लोकेशनच्या दोन्ही पिना गोल दाखवल्या होत्या. त्यातली एक डायमंड (दोन बाजूंनी तासलेली) हवी, नाहीतर भोकांच्या अंतरात जरा फरक पडला की जॉब बसणार नाही, ठोकून बसवलाच तर निघणार नाही. स्क्रीनवर आल्याआल्या मला ते दिसलं. तोंडातून निघालं काय, तर "नाही म्हणजे, माझं चुकत असेल, पण..." आणि पुढचं इतकं हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल. थोड्या वेळाने तोच मुद्दा नव्याने लागलेल्या मुलाने मांडला आणि लगेच मिनिट्समध्ये गेला. मला राग नाही आला. उलट हायसं वाटलं, की चला, तो म्हणतोय म्हणजे बरोबर असणार. या हायसं वाटण्याचीच आता भीती वाटते.

कौतुक झालं की आणखी वाईट. चाकणच्या कस्टमरची मेल आली, ट्रायल पहिल्याच दमात पास, की मी म्हणतो मशीन चांगलं होतं. रिजेक्शन आलं तर मात्र सगळं माझं. बायको विचारते, "तुमचा हिशोब एकाच बाजूने कसा हो चालतो?"

आता साहेबांनी टीम लीडसाठी माझं नाव दिलंय. महिनाअखेर हो-नाही सांगायचंय. झोप उडाली आहे. नकाराची मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे.

नकार देऊन मोकळं व्हावं का? समुपदेशकाकडे जाण्याइतकं हे मोठं आहे का? आणि गेलो तर ऑफिसात कळेल का? 'आरशासमोर उभे राहून बोला' हे कृपया नको, यूट्यूबवर पाहून झालंय.

प्रतिसाद १
मेल इतक्यात पाठवू नका. झोप उडालेली असताना असले निर्णय घेत नाहीत. ड्रॉइंग रिव्ह्यूच्या आधी येतंच ना? मग मुद्दा आदल्या दिवशी लेखी द्या: अमुक पिन डायमंड करावी, कारण अमुक. 'चुकत असेल' गाळा. बाकी पुण्यात राहून 'माझं चुकत असेल' म्हणणारा माणूस भेटला, ही बातमी आहे!

प्रतिसाद २
दादा, यश नशिबाचं आणि अपयश आपलं, ही तऱ्हा पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार बायकांबद्दल नोंदवली होती. पुढे ती पुरुषांतही दिसली. हा आजार नाही. पण झोप जात असेल तर समुपदेशकाला भेटायला तेवढं कारण पुरे. मला स्वतःला विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा उपयोग झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ती पद्धत आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवली. त्यात कृतीला गुण देतात, माणसाला नाही. ड्रॉइंग चुकलं आणि मी टाकाऊ, ही दोन वेगळी विधानं आहेत. ऐकायला सोपं वाटतं, अंगवळणी पडायला मला बरेच महिने लागले.
आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. तरी शंका असेल तर कंपनीची सेवा न घेता स्वतःच्या खर्चाने बाहेर जा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. लेखी द्यायचं उद्यापासूनच करतो, एक ड्रॉइंग आलंय. टीम लीडचं अजून ठरत नाही. निगडी-आकुर्डीकडे संध्याकाळी सातनंतर भेटणारे चांगले समुपदेशक कोणाला माहीत असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. शनिवारीही आम्हाला सुट्टी नसते.