सॅन फ्रान्सिस्कोला मोठा कॅमेरा न्यावा का?

रानवाट:
माझं स्पष्ट मत: नेऊ नये. गेल्या वर्षी अलामो स्क्वेअरपाशी भाड्याची गाडी लावली. ती व्हिक्टोरियन घरांची रांग संध्याकाळच्या उन्हात टिपायची होती, म्हणून एक कॅमेरा गळ्यात अडकवला आणि बाकीची बॅग मागच्या सीटखाली सरकवून वर जाकीट टाकलं. वीस मिनिटांनी परत आले तर सीटभर काचेचा चुरा. दोन लेन्स आणि लॅपटॉप गेला. त्याचे पैसे विम्यातून कधीतरी मिळतील, पण त्याच बॅगेत आधीच्या पाच दिवसांच्या फोटोंची मेमरी कार्डं होती. मार्शल्स बीचवरून पाहिलेला, धुक्यात अर्धा बुडालेला गोल्डन गेट पूल त्यातच गेला. आता मी खिशात मावणारा कॅमेराच नेते. इतरांनीही तेच करावं.

तिपाई:
वाचून फार वाईट वाटलं, तरी सहमत नाही. नुकसान मोठ्या कॅमेऱ्यामुळे झालं नाही, बॅग गाडीत राहिल्यामुळे झालं. गाड्यांच्या काचा फोडणं हे त्या शहराचं जुनं दुखणं आहे. स्पार्क प्लगमधल्या चिनीमातीचा बारीक तुकडा फेकला तरी बाजूच्या काचेचा भुगा होतो. जाकीट पसरलेलं दिसलं की खाली काहीतरी झाकलंय हे चोराला कळतंच. डिकीचाही भरवसा नको, फुटलेल्या काचेतून हात घालून मागची सीट पाडतात आणि आत बघतात. मी तिथे गाडीच घेत नाही. शहर जेमतेम 121 चौरस किलोमीटरचं आहे, म्युनीच्या, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेच्या, बसने आणि पायी आठवडाभर फिरलो. बॅग बसमध्ये पोटाशी घ्यायची, खाली बसलो की तिचा पट्टा पायात अडकवायचा. पिअर 39 या धक्क्यावरच्या सी लायनचे (समुद्रसिंहांचे) डोळे खिशातल्या कॅमेऱ्यात कसे येणार?

काळीपट्टी:
कॅमेरा मोठा की छोटा यापेक्षा तो लांबून किती चमकतो हे बघा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचे. तेव्हा हेतू लोकांच्या नजरेत न येण्याचा होता, आज चोरांच्याही. कंपनीचं नाव मिरवणारा पट्टा आधी काढून टाका. त्याजागी आत पोलादी तार असलेला घ्या, म्हणजे तो सहजासहजी कापता येत नाही. शिवाय मनगटाला दोन वेढे.

उंबरठा:
मनगटाच्या वेढ्यांना माझा ठाम विरोध. जुलै 2017 मध्ये ट्विन पीक्स टेकड्यांवर फोटो काढायला गेलेल्या एका छायाचित्रकाराला लुटारूंनी कॅमेऱ्यासाठी गोळ्या घालून मारलं. समोर हत्यार असेल तर कॅमेरा त्याच क्षणी हातातून सुटला पाहिजे. पट्टा झटकन निघणाराच हवा.

काळीपट्टी:
ही घटना मला माहीत नव्हती. वेढे मागे घेतो. तारेच्या पट्ट्याचं मत मात्र कायम, बसच्या गर्दीत त्याचा उपयोग होतोच.

तिपाई:
रानवाट, तुमच्या कार्डांबद्दल. दोन कार्डांची सोय असलेली बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) असेल तर प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदम लिहू द्या. रात्री एक कार्ड कॅमेऱ्यातून काढून अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर फोनमध्ये असू द्या, तक्रारीत ते लागतात. गाडीतल्या चोरीची तक्रार तिथल्या पोलिसांकडे ऑनलाइन करता येते. विम्याच्या अटीही निघण्याआधीच वाचा. सामान लक्ष न ठेवता सोडलं होतं म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.

रानवाट:
कार्डांचं पूर्ण पटलं. हे आधी केलं असतं तर तो पूल आज माझ्याकडे असता. गाडी न घेण्याचंही पटतंय. पण मार्शल्स बीचची उतरती वाट पहाटे अगदी निर्मनुष्य असते. तिथे एकटीने मोठा कॅमेरा घेऊन जावं असं तुम्ही म्हणाल का?

तिपाई:
नाही. एकटीने पहाटे नको. भरतीची वेळ बघून सूर्यास्ताला जा, तेव्हा तिथे ट्रायपॉड लावून बसलेले बरेच जण असतात.

उंबरठा:
आणि परतताना त्यांच्यासोबतच वर चढा. अंधारात मागे एकटं राहू नका.