अनुभव धागा : देवाला सगळं ठाऊक असताना आपण प्रार्थना का करतो?

सर्वांना सलाम. आमच्या धुळ्याच्या तरुण संघात एका मुलीने विचारलं, "मत्तय ६:८ मध्ये येशू म्हणतो, तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. मग मागायचं कशाला?" पाळकांनी उत्तर दिलं, पण चर्चा काही थांबेना. म्हणून हा धागा. वचनांची यादी नको, स्वतःचं लिहा. उत्तर मिळालं नसेल तरी लिहा.

भुसावळकर
वडील रेल्वेत, ड्युटी कधीही. तरी रात्री जेवणाआधी आईची कुटुंब प्रार्थना चुकायची नाही. ती स्वतःसाठी फारसं मागतच नसे. कॉलनीतले आजारी, परीक्षेची पोरं, रात्रपाळीवर गेलेले, एकेकाचं नाव. भूक लागलेली असायची, आम्ही वैतागायचो! पण कुणाकडे काय चाललंय हे आम्हाला त्या प्रार्थनेतूनच कळे, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन जायची. मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं, हे मी प्रवचनातून शिकलो नाही.

तापीकाठ
माझी आजी अहिराणीतच प्रार्थना करायची. सुरुवात ठरलेली : "देवबा, तुले समदं मालूम शे, तरी सांगस." मग शेळीपासून सुनेपर्यंत सगळं. त्या मुलीला माझ्यातर्फे हेच उत्तर द्या.

नवापूरची
आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं निघायच्या आधी एकत्र येतात. सगळे एकदम, मोठ्याने, मावची बोलीत प्रार्थना करतात. बाहेरून आलेल्याला गोंगाट वाटतो. मागणं साधं असतं : कोयता पायावर न पडो, मुकादमाने हिशोब नीट द्यावा, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ताप न येवो. शहरातले शिकलेले लोक मागण्याच्या प्रार्थनेला जरा कमी लेखतात, ते मला पटत नाही. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आहेच की.

केळीवाला, रावेर
काढणीला आलेली बाग वादळात आडवी झाली. रात्रभर गुडघ्यावर होतो. शेजारच्याची बाग उभी राहिली, आणि तो प्रार्थना वगैरे करणारा नव्हे. वरून एक जण घरी येऊन सांगून गेला, तुमचा विश्वास कमी पडला. असल्या लोकांना दारातूनच परत पाठवावं. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे" एवढंच ऐकायला मिळालं. त्याचाही विश्वास कमीच होता का? मला तेव्हा स्तोत्र १३ कामी आलं. "हे परमेश्वरा, किती वेळ?" असं देवाला सरळ विचारणारं स्तोत्र बायबलमध्येच आहे, म्हणजे तक्रारही प्रार्थनाच झाली. कित्येक महिने मी तेवढीच केली.

धागाकर्ता
केळीवाला दादा, हे तरुण संघात वाचून दाखवू का? नाव न घेता.

केळीवाला, रावेर
खुशाल. त्या पाहुण्याचा भाग तर जरूर वाचा.

शहाद्याहून
माझं थोडं वेगळं आहे. बांधावरून भावाशी कोर्टात केस चालू आहे. प्रभूची प्रार्थना लहानपणापासून तोंडपाठ, पण क्षमेची ओळ आली, जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी आम्हाला कर, की जीभ अडायची. मंडळीत सगळे म्हणत आणि मी नेमकं तिथे गप्प. नंतर पाहिलं, प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू पुढच्या दोन वचनांत पुन्हा फक्त क्षमेवरच बोलतो. भाकरीवर नाही, मोहावर नाही. मागितलेलं मिळवण्यासाठी मी प्रार्थना करत होतो, आणि तीच रोज माझ्याकडे काहीतरी मागत होती. मग भावाच्या मुलीच्या लग्नाला गेलो, पंगतीत वाढलंही. केस अजून मागे घेतलेली नाही. त्यावर सल्ले नकोत, वकील आहे.