सोसायटीच्या पश्चिम भिंतीवर व्हर्टिकल गार्डन करावी का?

पर्वरीकर : आमच्या सोसायटीच्या सभेत पश्चिमेच्या भिंतीवर व्हर्टिकल गार्डन, म्हणजे सांगाड्यावर कुंड्या लावून उभी बाग, करायचा ठराव येतोय. इमारत चार मजल्यांची. मी ठरावाच्या बाजूने आहे. मार्च ते मे त्या बाजूच्या फ्लॅटांत संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि रात्री जेवणं झाली तरी भिंत तापलेलीच. झाडांचा पडदा आला की ऊन तिथपर्यंत पोचणारच नाही. पॅरिसच्या के ब्रान्ली म्युझियमवर पॅट्रिक ब्लांक यांनी मातीशिवाय, फेल्टच्या जाड कापडावर अख्खी भिंत हिरवी केली. मिलानमध्ये दोन टॉवर २०१४ पासून झाडं अंगावर घेऊन उभे आहेत. आपल्याकडे तर पाऊस फुकट. काही सदस्य ‘देखभाल कोण करणार’ म्हणून अडून बसलेत.

म्हापशाची सून : दादा, त्या अडून बसलेल्यांत मलाही धरा. आमच्या प्रवेशद्वाराच्या भिंतीवर ही हौस करून झालीय. पहिले सहा महिने ज्याची त्याची सेल्फी. मग कंत्राट संपलं आणि पंधरा दिवसांनी येणारा माळी यायचा बंद झाला. मे महिन्यात अर्धी बिल्डिंग गावाला, त्यात पंप ट्रिप झाला. कोणाला पत्ताच नाही. कुंडी केवढी, तर तांब्याएवढी. वरच्या तीन ओळी पापडासारख्या वाळल्या, खालच्या मात्र टवटवीत, कारण वरून निथळायचं ते सगळं त्यांनाच मिळालेलं. आणि कुंडीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, एकदा खडखडीत झालं की पाणी पीत नाही हो, बाजूने वाहून जातं. मी आणि वॉचमनकाका, एकेक कुंडी काढून बादलीत बुडवत बसलो. जूनमध्ये याच्या उलट. बाहेर धो धो पाऊस, आणि टायमर सकाळी सहाला इमानेइतबारे पाणी सोडतोय!

हिरवं गोंय : एका पंपामुळे सगळ्या बागा वाईट कशा? झाडं हवा शुद्ध करतात, नासाने १९८९ मध्येच दाखवलंय.

चिरेबंदी : नासाचा तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. खिडकी-दारांतून जेवढी हवा बदलते, तेवढी झाडांकडून साफ करून घ्यायची तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. हवेचा मुद्दा सोडा. उन्हाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. मेच्या सुरुवातीला गोव्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे वरच्या मजल्याला भाजतो तो स्लॅब. तिथे भिंतीवरची बाग काय करणार?

सांगाडा माइल्ड स्टीलचा असेल तर खाऱ्या हवेत त्याचं काय होतं ते तुमच्या बाल्कनीच्या ग्रिलला विचारा. स्टेनलेस घ्या, तेही ३१६ ग्रेडचं. भिंत आणि सांगाडा यांत हात जाईल एवढी फट हवी, नाहीतर पुढच्या वेळी रंगारी आत जाणार कसा? आणि पाणी बोअरचं असेल तर आधी बादलीत एक रात्र ठेवून बघा. तळाला तांबडा गाळ बसला, तर थेंब थेंब पाणी देणारे ड्रिपर तुंबणार म्हणजे तुंबणारच.

पर्वरीकर : पाणी बोअरचंच आहे. गाळ बसतो. पण भिंतीपुढे पडदा ही आपली जुनीच रीत ना? आजोबा पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे.

चिरेबंदी : बांधायचे, आणि पाऊस सरला की काढायचे. भिंतीला वाळायला आठ महिने मिळायचे. तुमची बाग बाराही महिने भिंत ओली ठेवणार. आणि झड येते पश्चिमेकडूनच.

म्हापशाची सून : खालचा ट्रे विसरू नका. आठवडाभर पाणी साचलं की डेंग्यूचे डास तयार. आमच्याकडे ट्रेमध्ये अळ्या वळवळताना मी स्वतः पाहिल्यात.

कुळागरवाला, फोंडा : एवढी ड्रिपर-टायमरची यातायात कशाला? आमच्या कुळागरात पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीची वेल, चढते, खाली केळी, अननस. उभी बागच आहे ती. फरक एवढाच की मूळ जमिनीत आहे, म्हणून पंप बंद पडला तरी वेल चार दिवस तग धरते. मिरवेल पश्चिमेच्या उन्हात करपेल, ती लावू नका. भिंतीपासून फुटभर दूर जाळी उभी करा आणि खाली मधुमालती किंवा बोगनवेल लावा. छाटणी वर्षातून दोनदा तरी करावी लागेल, नाहीतर जूनच्या वाऱ्यात जाळीसकट खाली.

हिरवं गोंय : वेलीला व्हर्टिकल गार्डन म्हणायचं? मग कुंपणावरची तोंडलीही व्हर्टिकल गार्डन.

कुळागरवाला, फोंडा : म्हणा की. भाजी तरी होते.

पर्वरीकर : वेलींचं पटतंय थोडं. दुसऱ्या मजल्यापर्यंत जायला किती वेळ?

कुळागरवाला, फोंडा : मधुमालतीला दोन-तीन पावसाळे धरा. पण भिंतीलगतचे पेव्हर उखडून तीन फुटांचा खड्डा घ्यावा लागेल.

पर्वरीकर : तिथे सेक्रेटरींची गाडी लागते.