लॅब, नर, साडेसात महिने: नसबंदी नेमकी कधी करावी?

गुंड्याची_आई

नमस्कार मंडळी. आमचा गुंड्या, लॅब्रेडॉर, आत्ता साडेसात महिन्यांचा आहे, वजन २६ किलो. कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. गेले तीन आठवडे घरात हा एकच विषय चाललाय आणि रोज रात्री मी मोबाइलवर वाचत बसते आणि सकाळी आणखी गोंधळलेली उठते, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

आमचे नेहमीचे डॉक्टर लसीच्या वेळीच म्हणाले होते, सहा महिने झाले की घेऊन या, करून टाकू. परीक्षा, लग्नं यात ते राहून गेलं. मग मागच्या महिन्यात कानाला इन्फेक्शन झालं म्हणून बावधनला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तर त्या म्हणाल्या अजिबात घाई करू नका, मोठ्या जातीचा आहे, निदान वर्ष तरी पूर्ण होऊ द्या. नेटवर कुणी १८ महिने म्हणतंय, कुणी दोन वर्षं, कुणी म्हणतंय करूच नका. दोन्ही डॉक्टर चांगले आहेत, दोघांवर विश्वास आहे, आणि नेमकं तेच अवघड होऊन बसलंय.

सध्या तो पाय वर करायला लागलाय, लिफ्टबाहेरच्या शेजाऱ्यांच्या कुंडीवर दोनदा केलं, दोन्ही वेळा मी जाऊन धुऊन आले. उशांवर चढतो, मुलाचे मित्र आले की त्यांच्या पायाला मिठी मारतो. बाकी स्वभाव लोण्यासारखा, कुणावर गुरगुरलेला नाही.

सासूबाईंना हे ऑपरेशनच पटत नाहीये. त्यांचं म्हणणं मुक्या जनावराला आपण विचारलंय का, आणि करायचंच असेल तर निदान एकदा तरी त्याला मादी दाखवा, नाहीतर तळतळाट लागेल. त्यात सोसायटीतले एक काका त्यांच्या लॅब मादीसाठी गुंड्याला मागतायत, बदल्यात एक पिल्लू देऊ म्हणाले. मला ते नकोय पण घरात एकटीच नाही म्हणणारी मी आहे.

तर, थांबण्यात तोटा काय आहे? आणि थांबायचं तर किती? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय झालं ते सांगा, चांगलं वाईट दोन्ही.

काळूचा_बाबा

ताई, माझा अनुभव लॅबचा नाही, काळू आमचा धायरीच्या रस्त्यावर सापडलेला गावठी, आता पाच वर्षांचा आहे आणि १९ किलोचा. पण थांबण्यात तोटा काय असं विचारलंत म्हणून लिहितो.

काळू लहानपणी फार भित्रा होता, कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली. डॉक्टर म्हणाले भित्र्या कुत्र्याची घाई करू नका, वयात येऊ दे, जरा धीट होऊ दे मग बघू. मला ते आजही बरोबर वाटतं. पण भाद्रपद कसा असतो ते मी विसरलो. आपल्या गल्लीतल्या बहुतेक माद्या त्या दिवसांत माजावर येतात, म्हणी उगाच पडलेल्या नाहीत. त्या वर्षी गणपतीत, काळू अकरा महिन्यांचा, समोरच्या प्लॉटवरची मादी माजावर, दहाबारा कुत्री तिच्यामागे, रात्रभर भुंकाभुंकी. हा दोन दिवस जेवला नाही, दाराशी बसून रडायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरवताना मागे मागे सरकून मान पट्ट्यातून काढली आणि गेला. त्यात कुठेतरी ढोल वाजत होते, म्हणजे एकीकडे ती ओढ आणि एकीकडे भीती, थांबला असता तरी कुठे थांबणार होता.

तीन दिवस मी आणि बायको गाडीवर फिरलो, वडगाव, नऱ्हे, नांदेड फाटा, फोटो दाखवत. चौथ्या दिवशी पहाटे स्वतःच गेटवर आला, डावा कान फाटलेला आणि पुढच्या पायात खोल चावा. त्या तीन दिवसांत गाडीखाली गेला नाही ही माझी पुण्याई म्हणायची. जखमा भरल्यावर चौदाव्या महिन्यात ऑपरेशन केलं.

नंतर काय बदललं ते प्रामाणिकपणे सांगतो. पळून जायची ओढ दोनेक महिन्यांत गेली, पुढच्या भाद्रपदात समोर तोच तमाशा चालू होता आणि हा खिडकीतून बघून झोपून गेला. पाय वर करणं कमी झालं पण गेलं नाही. फटाक्यांची भीती होती तशीच आहे, त्यावर या ऑपरेशनचा काही परिणाम झाला नाही, ते वेगळंच काम आहे.

थांबा पण डोळ्यात तेल घालून थांबा.

लिओ_आणि_मी

आमचा लिओ गोल्डन रिट्रिव्हर, साडेपाच महिन्यांचा असताना केलं. तेव्हा कुणी दुसरं काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, सगळे सहा महिने म्हणायचे. ऑपरेशन एकदम सुरळीत, दुसऱ्या दिवशी बॉल मागत होता.

तीन वर्षांचा झाल्यावर टेकडीवरून उतरताना मागचा पाय उचलून धरला आणि खाली टेकवेनाच. गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला. मोठं ऑपरेशन, हाड कापून प्लेट बसवली, तीन महिने त्याला टॉवेलच्या झोळीत कंबर धरून शू करायला नेत होते, माझी स्वतःची पाठ गेली पण त्याला बघवत नव्हतं. आता चालतो, पळताना मात्र अजून तो पाय राखून पळतो.

लवकर केलं म्हणूनच झालं असं मी म्हणू शकत नाही, त्याचं वजनही तेव्हा ४१ किलो होतं आणि तो दोष पूर्ण माझा. पण परत निवडायची वेळ आली तर मी वर्षाच्या आत करणार नाही, एवढं नक्की.

गुंड्याची आई, घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर आजच सतरंज्या टाका, वाढत्या वयात रोज घसरतात ही पोरं आणि आपल्याला त्याची मजा वाटत असते.

पशुवैद्य_पुणे

मी कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करतो. ताई, तुमचे दोन्ही डॉक्टर चूक नाहीत, एक जुन्या नियमाने सांगतायत आणि दुसऱ्या गेल्या दहा-बारा वर्षांत जे समोर आलं त्यावरून. आम्हाला कॉलेजात सहा महिनेच शिकवलं होतं आणि मीही कितीतरी वर्षं सरसकट तेच सांगत होतो, पामेरियन असो की जर्मन शेफर्ड.

मुद्दा हाडांचा आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो, ग्रोथ प्लेट, तिथून हाड लांबीला वाढतं. कुत्रा वयात आला की टेस्टोस्टेरॉनमुळे तो पट्टा बंद व्हायला मदत होते. त्याआधीच वृषणं काढली तर पट्टा उशिरा बंद होतो, हाडं थोडी जास्त लांब होतात आणि गुडघ्या-खुब्याची ठेवण बदलते. सात किलोच्या कुत्र्याला याने फारसा फरक पडत नाही, पस्तीस किलोच्याला पडू शकतो.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने यावर बरंच काम केलंय. २०१३ साली त्यांनी ७५९ गोल्डनच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याचा डिस्प्लेसिया, म्हणजे सांधा नीट न बसणं, १०.३ टक्के, न केलेल्यांमध्ये ५.१. गुडघ्याचा लिगामेंट तुटणं लवकर केलेल्यांमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास, न केलेल्यांत एकही नाही. मग २०२० मध्ये ३५ जातींवर मोठा पेपर आला आणि त्यात जातीजातीत केवढा फरक आहे ते दिसलं. बहुतेक छोट्या जातींत सांध्यांचा धोका वाढलेला दिसलाच नाही. जर्मन शेफर्डला त्यांनी दोन वर्षं थांबा म्हटलंय, गोल्डन नराला एक वर्षाच्या पुढे. आणि तुमच्या कामाचं म्हणजे लॅब नराला धोका ठळक दिसला तो सहा महिन्यांच्या आत केलेल्यांमध्ये, त्यानंतर तो बराच कमी होतो. हे सगळं एका हॉस्पिटलमध्ये आलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून काढलेलं आहे त्यामुळे त्याला काळ्या दगडावरची रेघ समजू नका, पण माझ्या मते दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशननेही २०१९ मध्ये वजनावरून भाग पाडले, मोठेपणी २० किलोच्या आत राहणारा नर सहा महिन्यांना, त्याहून मोठा असेल तर वाढ थांबल्यावर, साधारण ९ ते १५ महिन्यांत.

म्हणजे गुंड्याचं सहा महिन्यांचं वळण तुम्ही परीक्षेच्या गडबडीत आपोआप पार केलंय. माझा कुत्रा असता तर मी १२ ते १५ महिन्यांच्या मध्ये केलं असतं.

थांबण्यात तोटा काय? तब्येतीचा जवळजवळ काही नाही. वृषणाची गाठ आणि प्रोस्टेट वाढणं हे वय झाल्यावरचे प्रश्न आहेत, सहा महिने इकडे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. तोटा आहे तो काळूच्या बाबांनी सांगितला तो. आणि उशांवर चढणं वगैरे या वयात निम्मं खेळातलं आणि उत्साहातलं असतं, रागावू नका, हाक मारून दुसरीकडे लक्ष वळवा.

आता सासूबाईंचं. त्यांना माझ्याकडून सांगा की एकदा मेटिंग केल्याने कुत्रा शांत होत नाही, त्याच्या मनात अपुरं राहिल्याची खंत नसते, वास आला की ओढ लागते आणि वास गेला की जाते. उलट अनुभव असलेल्या नराची ओढ ऑपरेशननंतरही कधीकधी जास्त टिकते. आणि त्या काकांना विचारा मादीच्या खुब्यांचा एक्सरे काढलाय का. बहुतेक वेळा नसतो. आठ-नऊ पिल्लं होणार, त्यातलं एक तुम्हाला, बाकीची कुठे जाणार?

एक गोष्ट मात्र वयाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती कुणी विचारत नाही. पुण्यात गोचिडांचा ताप भरपूर आहे. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, खातोपितो, आणि रक्त तपासलं तर प्लेटलेट्स निम्म्यावर. अशा कुत्र्याचं साधं ऑपरेशनही रक्तस्रावाने अंगाशी येऊ शकतं. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, किडनी या तपासण्या करून घ्या, आणि डॉक्टर नको म्हणाले तरी आग्रह धरा.

जुना_कोथरूडकर

मी दोन जर्मन शेफर्ड सांभाळले, दोघांचंही केलं नाही. बंगला होता, कंपाउंड होतं, दोघंही कधी बाहेर गेले नाहीत. पहिला तेरा वर्षं जगला. दुसऱ्याला नवव्या वर्षी लघवीतून रक्त यायला लागलं, शी करताना कुंथायचा, प्रोस्टेट सुजली होती. तेव्हा नसबंदी करावी लागली आणि महिन्याभरात फरक पडला, पण नऊ वर्षांच्या कुत्र्याला भूल देताना बाहेर बाकावर बसणं काय असतं ते मला माहीत आहे. बांधून, जबाबदारीने ठेवता येत असेल तर न करणं हे पाप नाही असं माझं मत आहे, पण फ्लॅटमध्ये आणि गल्लीत एवढ्या माद्या असताना कराच म्हणेन.

औंधची_मनू

कुणी लिहिलं नाही म्हणून, दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का बघितलंत का ताई? आमच्या लॅबची एकच होती, आम्हाला आठव्या महिन्यापर्यंत कळलंच नाही, औंधच्या सरकारी दवाखान्यात लसीला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हाताने चाचपून सांगितलं.

पशुवैद्य_पुणे

मनू, फार बरं केलंत. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर सहसा उतरत नाही. पोटात राहिलेल्या वृषणाला गाठ होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त, त्यामुळे असा नर न करता ठेवायचा नाही, दोन्ही काढायची, आणि हा दोष पुढच्या पिढीत जातो म्हणून त्याच्यापासून पिल्लंही घ्यायची नाहीत. पण त्यातही सांध्यांसाठी वर्षभर थांबायला हरकत नसते, ती गाठ मोठ्या वयात होते.

गुंड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही आहेत, आत्ताच उताणा झोपला होता तेव्हा चाचपून बघितलं.

काल रात्री जेवताना हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई काळूचं ऐकताना काही बोलल्या नाहीत, पण नंतर गुंड्याचा पट्टा हातात घेऊन किती सैल आहे ते बघत होत्या. पिल्लांचं ऐकल्यावर म्हणाल्या, आठ पिल्लांचा शाप कुणी घ्यायचा, नको ते. म्हणजे मादी दाखवायचा विषय संपला. ऑपरेशन पटलंय असं नाही म्हणत त्या अजून, पण त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसेन म्हणाल्यात.

ठरलं ते असं: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा तो साडेतेरा महिन्यांचा होईल. पाऊस नाही, टाके ओले होणार नाहीत, आणि मुलाला नाताळची सुट्टी म्हणजे कोणीतरी सतत जवळ. काकांना सांगितलं, जरा नाराज झाले, चालेल.

डॉक्टर, नंतर वजन वाढतं म्हणतात त्याचं काय करायचं? हा आत्ताच पोळी लाटायचा आवाज आला की ओट्याखाली हजर असतो. आणि काळूचे बाबा, भाद्रपदासाठी तुम्ही आता कोणता पट्टा वापरता?

पशुवैद्य_पुणे

ऑपरेशननंतर शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते. लॅबमध्ये तर भूक जनुकातच असते काहींच्या, केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो. त्याला खरंच भूक लागते, नाटक नसतं. तरी टाके निघाले की खाणं साधारण पाचव्या हिश्शाने कमी करा आणि दर महिन्याला वजन करा, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. पोळीऐवजी काकडी, गाजर. दहा ते चौदा दिवस उड्या बंद, जिना बंद, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो कोन काढायचा नाही, कितीही केविलवाणा बघत बसला तरी. आणि ऑपरेशन झालं म्हणून लगेच मोकळं सोडू नका, महिना-दीड महिना पिल्लं होऊ शकतात.

काळूचा_बाबा

छातीचा हार्नेस आणि गळ्याचा पट्टा दोन्ही, आणि दोन्हीकडे हुक असलेली एकच दोरी. एकातून निसटला तरी दुसरा राहतो. हार्नेस आत्ताच आणून सवय लावा, गणपतीपर्यंत दोन महिने आहेत, ऐनवेळी घातला तर जागचा हलत नाहीत.