हॉटसनचा खरंच "वध" झाला होता का? १२ जानेवारीचा फ्लेक्स अडलाय

फ्लेक्सवाला नवी पेठ

मंडळी, जरा घाईत विचारतोय. सोलापुरात नवी पेठेत माझं फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. जानेवारी म्हणजे आमचा सीझन. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, शुभेच्छा फलक आणि त्यातच १२ तारखेचा हुतात्मा दिन. काल एका मंडळाचे अध्यक्ष दहा बाय चारचा मजकूर देऊन गेले. वहीचं फाडलेलं पान, निळं पेन. चार हुतात्म्यांची नावं बरोबर आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. (मागच्या वर्षी एकाने 'शारदा' लिहून आणलं होतं, ते छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.) त्याखाली हे:

"सोलापुरात मार्शल लॉ लावणारा क्रूर गव्हर्नर हॉटसन याचा २२ जून १९३१ रोजी पुण्यात वध करून चार हुतात्म्यांचा बदला घेणारे हुतात्मा वासुदेव बळवंत गोडसे यांना विनम्र अभिवादन!"

आता मी काही इतिहासाचा माणूस नाही, बारावीनंतर थेट कोरल, म्हणजे फलक डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, शिकलो. पण आमचे आजोबा गिरणीत होते, ते ही गोष्ट सांगताना शर्टाच्या खिशावर बोट ठेवून म्हणायचे, "साहेब हितं वाचला, बटणावर." मग वध कसा? आणि ते 'गोडसे' वाचून तर माझा हात माउसवरच थांबला. अध्यक्ष म्हणतात, "तू छाप की बे, कोण वाचतंय." उद्या संध्याकाळी न्यायला येणार आहेत. जाणकारांनी सांगा.

निवृत्त मास्तर

अरे, अजिबात छापू नकोस. आजोबा बरोबर सांगत होते.

आडनाव गोगटे. वासुदेव बळवंत गोगटे, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात शिकत होते. गोडसे हा वेगळा माणूस, वेगळी घटना, ३० जानेवारी १९४८. दोन अक्षरांच्या घोळात कुठल्या कुठे जातोस बघ. नाव आणि वडलांचं नाव फडक्यांसारखं असल्यामुळे काही जण तिसरीच गल्लत करतात. ते वासुदेव बळवंत १८८३ सालीच एडनला कैदेत वारले.

तारीख २२ जुलै. २२ जून ही प्लेग अधिकारी रँडवरच्या हल्ल्याची, १८९७ सालची, गणेशखिंडीची. दोन्हीकडे पुणं, दोन्हीकडे २२, म्हणून भाषणांत हे सर्रास होतं. जाता जाता, रँडसुद्धा त्या रात्री मेला नव्हता. जागेवर गेला तो लेफ्टनंट आयर्स्ट. रँड ३ जुलैला गेला.

आता वध. हॉटसन मेलाच नाही. गोगट्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या, पण छातीवरच्या खिशात पाकीट होतं, त्याच्या धातूच्या बटणावर गोळी बसली. साहेब शाबूत. गोगट्यांना जागच्या जागी पकडलं. त्यांना फाशी झाली नाही, आठ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि १९३७ साली ते सुटले. जिवंत सुटलेल्या माणसाला 'हुतात्मा' म्हणणं म्हणजे त्याला आपणच मारून टाकणं झालं.

राहिला गव्हर्नर. १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला तेव्हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता सर फ्रेडरिक साइक्स. हॉटसन तेव्हा त्याच्या कार्यकारी मंडळात गृहखातं बघत होता. १९३१ मध्ये साइक्स रजेवर गेला, म्हणून हा हंगामी गव्हर्नर. म्हणजे सोलापूरच्या दडपशाहीशी त्याचा संबंध नव्हता असं नाही. पण 'मार्शल लॉ लावणारा गव्हर्नर' हेही नाही.

जुना फर्ग्युसनकर

मास्तरांशी सहमत. जागाही लिहा, नुसतं 'पुण्यात' लिहू नका. कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात घडलं हे. साहेब कॉलेज बघायला आला होता. मी तिथे दोन वर्षं अभ्यासाला बसलोय. लांबलचक टेबलं, वर उंच छत, साधी खुर्ची सरकवली तरी सगळे मान वर करतात. तिथे गोळीचा आवाज कसा घुमला असेल, हे परीक्षेच्या दिवसांत उगाच डोक्यात यायचं.

रोखठोक

कशाला एवढा कीस पाडताय? तारीख महिन्याने चुकली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? गोगट्यांच्या मनात तर वधच होता ना? सामान्य माणसाला भावना कळते. तुम्ही बसा पाकिटं आणि बटणं मोजत.

निवृत्त मास्तर

@रोखठोक, मनात वध होता, म्हणूनच कोर्टात खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालला. 'प्रयत्न' हा शब्द गाळलात की खटलाही खोटा, शिक्षाही खोटी आणि सुटकाही खोटी. मग १९३७ साली तुरुंगातून बाहेर आला तो कोण? तेहतीस वर्षं फळ्यासमोर उभा होतो, मला एक माहीत आहे. पोरगं घरी जाऊन मोबाइलवर बघतं, त्याला वध सापडत नाही, आणि मग ते फ्लेक्सवरच्या वरच्या चार नावांवरही शंका घेतं.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, त्याला मात्र खरोखर मारलं होतं, २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृहात. अनंत कान्हेरे फासावर गेले. जॅक्सन, हॉटसन, दोघांच्या शेवटी 'सन', त्यामुळे एकाचं मरण दुसऱ्याला चिकटतं. हे माझं निदान, पुरावा मागू नका.

मंगळवार पेठेतली

दादा, फलकावर जागा उरली तर शंकर शिवदारेंचं नाव घाला. ८ मे १९३० च्या पोलिस गोळीबारात गेलेला मुलगा. गांधीजींना पकडल्यानंतर गाव पेटलं ते याच दिवसांत. गोळीबारानंतर जमावाने आमच्याच पेठेतली पोलिस चौकी जाळली, दोन पोलिस मेले, आणि त्याच खटल्यात चौघांना पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. पुण्यातल्या गोळीबारावर सगळे बोलतात, इथल्या पहिल्या माणसाचं नाव कुणाला सांगता येत नाही.

आणि 'बदला' शब्द काढा. मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालायचीसुद्धा बंदी होती, ३० जूनपर्यंत चाललं ते. गोगट्यांचा राग त्या सगळ्यावर होता, फक्त फाशीवर नाही.

प्राणीशास्त्रवाला

विषयांतर आहे, पण राहवत नाही. या हॉटसनच्या नावाचा एक उंदीर आहे. खरंच. बलुचिस्तानात असताना त्याने प्राण्यांचे नमुने गोळा केले होते, त्यावरून एका जर्बोआला त्याचं नाव मिळालं. मागचे पाय कांगारूसारखे, शेपटीला गोंडा. फ्लेक्सवर टाकू नका फक्त.

फ्लेक्सवाला नवी पेठ

सगळ्यांचे आभार. अध्यक्षांना फोन लावला. पहिलं वाक्य: "मेला नाही म्हणतूस? मग वीस वर्षं आम्ही काय बोललालोय बे?" मग मास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गोडसेवर ते गप्प झाले. हुतात्म्यावर म्हणाले, "अरारा." 'वध' सोडायला मात्र तयार नव्हते, अर्धा तास गेला. शेवटी मी म्हणालो, वध ठेवला तर रिप्रिंटचे पैसे तुम्ही द्यायचे. तिथे इतिहास मान्य झाला.

नवा मजकूर असा:

"सोलापूरच्या मार्शल लॉच्या निषेधार्थ २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडणारे वासुदेव बळवंत गोगटे यांना अभिवादन."

त्यावर वेगळ्या ओळीत: "८ मे १९३०, शंकर शिवदारे." ताई, तुमची ओळ चौघांच्या नावांखाली लगेच घेतलीय, त्याच साइजमध्ये.

'हंगामी' शब्दावर अध्यक्ष अजून नाराज आहेत. म्हणतात, लोकांना वाटेल हंगामी म्हणजे ज्वारीचा. पण ठेवलाय. फक्त तो ओळीच्या सुरुवातीला आलाय आणि 'ह' नेमका दोरीच्या भोकात जातोय. तेवढा आत सरकवतो आणि प्रिंटला सोडतो.