घसा बरा झाला, मग हृदयाची झडप कशी बिघडली?

चाफा:
नमस्कार. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीचा श्रावणात घसा दुखत होता. दोन दिवस ताप आला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर निभावले, म्हणून कोणी डॉक्टरांकडे गेले नाही. तीनेक आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच डावा घोटा, मग मनगट. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेतून रक्त मागे गळत असल्याचे दिसले आणि रुमॅटिक फीवर असे निदान झाले. आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही अनेक वर्षे. जंतू केव्हाच गेले असतील, तर हृदयावर हल्ला केला कोणी? शिवाय प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आजी तिला रोज गुळवेलीचा काढा देते, तो चालू ठेवावा का?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ:
हल्ला तिच्या प्रतिकारशक्तीनेच केला आहे. घशात आलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या अंगावर एम नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या काही भागांची ठेवण हृदयाच्या स्नायूतील मायोसिनशी इतकी जुळते की जंतूंसाठी तयार झालेली प्रतिपिंडे झडपेच्या अस्तरालाही चिकटतात. तेथे सूज आली की त्याच वाटेने टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, झडपेत शिरतात. स्वतःच्या शरीरावर उठणाऱ्या टी पेशी थायमस ग्रंथीत बाद केल्या जातात खऱ्या, पण ही चाळण तितकी बारीक नसते. ही सारी जमवाजमव व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून घसा विसरल्यावर आजार उगवतो. सांध्यांची सूज बहुधा मागे काही न ठेवता ओसरते. झडप मात्र पुढे जाड होऊन आक्रसू शकते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले असते, तर हे बहुधा टळले असते. हा दोष देण्यासाठी म्हणत नाही, कारण दुखणाऱ्या घशांपैकी बहुतेक विषाणूंमुळेच दुखतात.

काढ्याविषयी स्पष्टच सांगतो. मुलीची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा नेम चुकला आहे; ती वाढवून काय साधणार? कोविडच्या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला अशाच, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटल्यासारख्या, स्वरूपाची इजा झाल्याचे नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी मी या मुलीला काढा देणार नाही.

पाणवठा:
मी हे इंजेक्शन बाराव्या वर्षापासून घेतले आहे. औषध दुधासारखे पांढरे आणि दाट असते, सिस्टर बाटली जोराने हलवतात, तरी कधीकधी सुई तुंबते, आणि नंतर दिवसभर धड बसवत नाही. कॉलेजात असताना परीक्षेच्या नादात मी सलग तीन चुकवली. त्या हिवाळ्यात घसा धरला आणि पाठोपाठ सांधे पुन्हा सुजले. माझ्या बहिणीत हाच आजार वेगळ्या रूपाने आला होता. तिचे अक्षर बिघडले, हातातून कप पडू लागले, आणि आम्ही सगळे तिला धांदरट म्हणून रागावत राहिलो. प्रतिपिंडे मेंदूपर्यंतही पोचतात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

चाफा:
म्हणजे इंजेक्शन झालेल्या जखमेसाठी नाहीच?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ:
नाही. ते जंतूला पुन्हा घशात ठाण मांडू न देण्यासाठी आहे, कारण दर नव्या संसर्गागणिक तीच प्रतिपिंडे पुन्हा उसळतात आणि झडप आणखी झिजते. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूतून सावकाश झिरपते, म्हणून २१ दिवसांचा हिशोब. झडपेत दोष राहिला, तर निदान दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर ते घ्यावे, असा प्रघात आहे. समाधानाची बाब एवढीच, की हा जंतू अजूनही पेनिसिलिनला दाद देतो.

चाफा:
आभारी आहे. काढा आजच थांबवतो. तिच्या धाकट्या भावाचा घसा परवापासून दुखतो आहे. त्याला संध्याकाळीच दाखवून आणतो.